एक्सरेबाईंचा कॅमेरा

दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीपासून वळलं की तिसरं दार. त्या दाराआडून एकतीस वर्षं एकच आवाज यायचा. "श्वास घ्या. रोखा. हलू नका." मग एक खट्ट. मग, "हं, सोडा." हा आवाज एक्सरेबाईंचा. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. डॉक्टर, नर्स, रोगी, रोग्यांचे नातेवाईक, सगळ्यांना त्या एक्सरेबाई म्हणूनच ठाऊक. पाठीमागे लोक त्यांना 'हलूनका' म्हणायचे. बाईंना हे माहीत होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही.

थंडीच्या दिवसांत छातीचा एक्सरे काढायचा म्हणजे उघड्या अंगाने त्या गार प्लेटला चिकटून उभं राहावं लागतं. धडधाकट माणूसही दचकतो, म्हातारी माणसं तर शहारून जातात. बाई आधी स्वतःचे दोन्ही तळहात प्लेटवर दाबून धरायच्या, चांगले मिनिटभर, आणि मग म्हणायच्या, "या आता, टेका." हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या जागी आता जो माणूस आलाय तो हे करत नाही. त्याला कोणी विचारतही नाही, कारण ज्यांनी बाईंच्या हातची प्लेट अनुभवलीच नाही त्यांना प्लेट गारच असते असं वाटतं.

आणि दुसऱ्यांदा एक्सरे काढायची वेळ त्या येऊ द्यायच्या नाहीत. एका माणसाला एकदाच. प्रत्येक खट्टबरोबर समोरच्याच्या अंगात थोडे किरण जातात, आपल्या चुकीपायी ते दुप्पट का जावेत, हा त्यांचा हिशोब. म्हणून त्या कोन दहा वेळा बघायच्या, उंची पाच वेळा सारखी करायच्या, आणि बटण एकदाच दाबायच्या. एखाद्या दिवशी फोटो बिघडलाच तर बाई त्या दिवशी जेवत नाहीत असं नर्सा सांगायच्या. ते खोटं आहे. जेवायच्या, पण कोणाशी बोलायच्या नाहीत.

अशा बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात कॅमेरा घेऊन घरी आल्या.

घर म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्याकडेचं एक लांबट दालन. त्या दालनात ताईंचं शिवणकाम चालायचं. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूरच्या शहरात. बाईंनी लग्न केलं नाही, त्यामुळे दोघी बहिणी एकमेकींच्या सोबतीला होत्या आणि एकमेकींच्या डोक्यावरही. ताई कपडे लहानमोठे करून द्यायच्या, पडदे शिवायच्या, आणि बोलायच्या. तोंडात टाचण्या असतानाही बोलायच्या.

खोक्यातून कॅमेरा निघाला तेव्हा ताईंनी मशीन थांबवलं. "हे काय गं धाकटे? आता घरातल्या घरात एक्सरे?"

"एकतीस वर्षं माणसं आतून बघितली," बाई म्हणाल्या, "आता जरा बाहेरून बघते."

"बघ बाई. आतून बरी दिसत असतील, म्हणून सांगते."

जवळच कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. त्याचा मालक शनिवारी सकाळी नवशिक्यांचा वर्ग घ्यायचा. बाई त्यात जाऊ लागल्या. वर्गात आठजण, बाकी सगळे बाईंच्या निम्म्या वयाचे. पहिल्या दिवशी कॅमेरेवाल्याने उजेडाचं गणित सांगितलं. भोक किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, उजेड कमी असेल तर काय वाढवायचं. पोरं तोंडं वासून बसली होती. बाईंना ते ऐकता ऐकताच उमगलं. वेळ वाढवला की दुसरं काहीतरी कमी करायचं, हे तर त्यांनी आयुष्यभर केलेलं. कॅमेरेवाल्याने फळ्यावर लिहिलेला एक आकडा त्यांनी हळूच दुरुस्तही करून दिला. तो खजील झाला, पण मनाने मोकळा होता. म्हणाला, "मावशी, तुम्ही शिकायला आलात की तपासणीला?"

खरी गंमत पुढच्या शनिवारी झाली. घरी जाऊन ओळखीच्या माणसांचे फोटो काढून आणा, निदान पन्नास, असं त्याने सांगितलं होतं. बाईंनी आणले चार. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचे दोन, ताईंचे दोन. प्रत्येकाचा एक समोरून आणि एक बाजूने. चारही फोटोंत छाती फुगलेली, ओठ घट्ट, डोळे वटारलेले. मास्तर तर ओळखू येईनात.

"यांना चष्मा नाही का?" कॅमेरेवाल्याने विचारलं. मास्तर त्याच्या दुकानात नेहमी यायचे.

"आहे ना. मी काढायला लावला."

फोटो काढायच्या आधी बाईंनी सवयीने सांगितलं होतं, चष्मा काढा, घड्याळ काढा, गळ्यात काही असेल तर तेही काढा. मास्तर आज्ञाधारक माणूस. त्यांनी सगळं काढलं आणि पँटच्या पट्ट्याला हात घातला, तेव्हा आतून त्यांच्या बायकोने विचारलं की नक्की काय चाललंय. मग बाई भानावर आल्या. पण "श्वास घ्या, रोखा" हे तोंडून गेलंच. मास्तरांनी रोखला. फोटो झाल्यावर "सोडा" म्हणायला बाई विसरल्या, त्यामुळे मास्तर जरा निळेजांभळे झाले.

"आणि पन्नासाचे चारच का?"

"पन्नास?" बाई म्हणाल्या. "त्यांनी काय गुन्हा केलाय?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. पण घरी आल्यावर त्या ते चार फोटो पुन्हा बघत बसल्या. चुकलेल्या प्लेटवरूनच माणूस शिकतो, हे त्या नव्या पोरींना नेहमी सांगायच्या. आणि असं बघता बघता ताईंच्या फोटोवर त्यांची नजर अडकली.

समोरच्या फोटोत ताईंचा चेहरा दोन्हीकडे सारखा नव्हता. डाव्या कानाखाली, जबड्याच्या वळणाशी, काहीतरी जरासं भरल्यासारखं दिसत होतं. बाजूचा फोटो त्यांनी खिडकीशी धरला. तिथे एक बारीक सावली पडली होती. ज्या सावलीचं तिथे काही काम नाही, ती एकतीस वर्षं शोधणारे ते डोळे. बाई उठल्या, दालनात गेल्या आणि ताईंच्या कानाखाली बोट दाबून बघितलं.

"अगं काय करतेस? गुदगुल्या होतात."

"हे कधीपासून आहे?"

"काय? ते होय? असेल वर्षभर. दुखत नाही काही."

दुखत नाही, हेच बाईंना आवडलं नाही. सोमवारी सकाळी त्या ताईंना आपल्याच दवाखान्यात घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या. सर्जन बाईंना चांगले ओळखत होते, त्यामुळे त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ जीवघेणी दिसत नाही, पण वाढतेय, तेव्हा काढावीच लागेल. अडचण एवढीच की ती जिथे बसलीय तिथूनच चेहरा हलवणारी नस जाते.

"नस वाचवायचा पुरता प्रयत्न करू," सर्जन म्हणाले, "पण शब्द देत नाही. नसेची फांदी गेली तर डावीकडचा ओठ उचलला जाणार नाही. हसताना तोंड एकाच बाजूला जाईल."

ताईंनी विचारलं, "शिवता येईल ना मला?"

"येईल की. हाताचा काही संबंध नाही."

"मग झालं तर."

तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. परतताना ताई रस्ताभर पडद्यांच्या ऑर्डरबद्दल बोलत होत्या. बाई ऐकत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली होती, ताईचं हसणं.

त्या हसण्याबद्दल सांगायलाच हवं. ते नाकातून सुरू व्हायचं, मग खांदे हलायचे, मग डोळे मिटायचे, आणि शेवटी असा काही आवाज फुटायचा की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा वर उचलून थांबायचा. गिऱ्हाईक कापड न्यायला यायचं आणि अर्धा तास बसायचं ते त्या हसण्यासाठी. पण ताई हसल्या की त्यांचा डावा हात आपोआप तोंडावर जायचा. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. बारा वर्षांच्या असताना तीन वर्षांच्या धाकटीला कडेवर घेऊन जिना उतरत होत्या, पाय घसरला. पोरीला सोडून कठडा धरता आला असता. त्यांनी पोरीला धरलं आणि पायरीवर तोंड आपटून घेतलं. धाकटीला खरचटलंही नाही. तेव्हापासून तो हात तोंडावर.

त्या संध्याकाळी बाईंनी फोटोंचा डबा काढला. ताईंचे अडतीस फोटो निघाले. लग्नाचे, मुलाबरोबरचे, मशीन नवीन घेतलं तेव्हाचे. अडतीस फोटोंत ताईंचे ओठ मिटलेले. हसू एकातही नाही. बाईंना त्या डब्यापाशीच रडू आलं. आपल्यासाठी फुटलेला दात, त्याच्यापायी झाकलेलं हसू, आणि आता ते हसूच जाणार. आणि आपण कुठे होतो? तळमजल्यावर, लोकांना हलू नका म्हणत.

हे हसू ऑपरेशनच्या आधी कॅमेऱ्यात धरायचं, असं त्यांनी त्याच वेळी ठरवलं. हाताशी तीन आठवडे होते.

पहिला आठवडा फुकट गेला. ताईंना खिडकीशी बसवलं, उजेड गालावर नेमका घेतला, सगळं जमवलं आणि म्हणाल्या, "हं, हस." कोणी हस म्हटल्यावर हसतं का? ताईंनी ओठ ताणले. फोटोत त्या पोटदुखीच्या रोग्यासारख्या आल्या. मग बाईंनी विनोद सांगून बघितले. बाईंना विनोद सांगता येत नाही, हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. शेवट त्या आधीच सांगून टाकतात. मशीनवर काम करताना फोटो काढू म्हटलं, तर तोंडात टाचण्या.

एकदा मास्तर खाली आले आणि त्यांनी पट्ट्याची ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. ताई फुटल्या. बाई कॅमेरा रोखून तयारच होत्या. त्यांनी श्वास रोखला, नेम धरला, बटण दाबलं. फोटो आला हाताच्या पंजाचा. फार सुरेख फोटो, बोटांच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात असा. त्यामागे कुठेतरी ताई होत्या.

"अगं, हात खाली ठेवायला काय होतं तुला!" बाई चिडल्या.

"मी ठेवते का तो? तो जातो."

"मग थांबव."

"आणि एक सांगू का धाकटे," ताई म्हणाल्या, "तू तो डबा तोंडापुढे धरतेस. मला तुझं तोंडच दिसत नाही. मी हसू कोणाला, डब्याला?"

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. हे त्यांना लागलं, कारण खरं होतं. दवाखान्यातही त्या बटण दाबायला शिशाच्या पडद्यामागेच जायच्या. रोग्याला मागे वळून बघायचं नसे आणि त्यांना पुढे यायचं नसे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या कॅमेरेवाल्याकडे गेल्या. वर्ग संपल्यावर थांबल्या आणि त्याला सगळं सांगितलं. तारीख, नस, दात, हात. त्याने नेहमीची थट्टा केली नाही. कॅमेरा मागून घेतला आणि फोटो बघितले. चौदा दिवसांचे अकरा फोटो.

"बाकीचे कुठायत?"

"बाकीचे नाहीत."

"मावशी, खिडकीच्या उजेडापासून चेहऱ्याच्या सावलीपर्यंत तुमचं सगळं बरोबर आहे. माझ्यापेक्षा बरोबर आहे. पण तुमचं बोट अजून दवाखान्यात आहे."

"म्हणजे?"

"हसू म्हणजे काय हाड आहे, एका जागी थांबायला? ते येतं आणि जातं. तुम्ही एकदा दाबता आणि बोट उचलता. का?"

बाईंनी आपल्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भीती वाटते. समोरच्याला काहीतरी लागेल अशी."

कॅमेरेवाला खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. "यातून काही बाहेर जात नाही मावशी. जो उजेड त्यांच्या तोंडावर पडलेलाच आहे, तोच परत आत येतो. हजार वेळा दाबा, तुमच्या ताईंना काही होणार नाही."

हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? किरणांचं शास्त्र त्यांनी त्याला शिकवलं असतं. पण डोक्याला ठाऊक असलेलं बोटापर्यंत पोचायला एकतीस वर्षांचा रस्ता होता. कॅमेरेवाल्याने त्यांना एक सोय दाखवली. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायचा, वेळ लावायची, तो दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो काढत राहतो. बोटाचा प्रश्नच नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि तीनदा करून दाखवलं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दालनात पडद्यांचा ढीग होता. एका मोठ्या सभागृहाचे पडदे, जाड, गडद हिरव्या कापडाचे, प्रत्येक चांगला दोन पुरुष लांब. ताईंनी ते कसेबसे पुरे केले होते आणि दुपारी टेम्पो यायचा होता. घड्या घालायच्या राहिल्या होत्या. एकटीच्याने होण्यासारखं काम नव्हतं.

"ये गं, धर दुसरं टोक," ताई म्हणाल्या.

बाई येता येता थबकल्या. पडद्याचं टोक धरायचं म्हणजे दोन्ही हात लागणार. ताईंचेही. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी तोंडावर येऊ दिलं नाही. "आले," म्हणाल्या, तिकाटणं आणून कोपऱ्यात लावलं, कॅमेरा बसवला, वेळ लावली. कॅमेऱ्याने खट्ट केलं. दोन सेकंदांनी पुन्हा.

"हे काय?"

"राहू दे. त्याचं तो करतो."

पहिल्या पडद्याची घडी दोघींनी मुकाट्याने घातली. ताईंचं लक्ष कॅमेऱ्याकडे जात होतं आणि ओठ मिटत होते. कोपऱ्यात खट्ट, खट्ट चालू. दुसऱ्या पडद्यापर्यंत त्या विसरल्या, कारण कापड जड होतं आणि टेम्पोची वेळ झाली होती.

तिसऱ्या पडद्याला घोळ झाला. बाई म्हणाल्या, "तुझं डावं टोक माझ्याकडे दे." ताईंनी डावं दिलं. बाईंनी हात पुढे केला तो भलतीकडेच. छातीचा एक्सरे काढताना रोगी बाईंकडे पाठ करून उभा असतो, त्याचं डावं ते आपलंही डावं. बाई आयुष्यभर समोरच्याचं डावं आपल्या डावीकडे शोधत आलेल्या. ताईंनी एक फेरा मारला, बाईंनी उलटा मारला, आणि दोन पुरुष लांबीचा तो पडदा मध्ये पिळला जाऊन दोरखंड झाला. सोडवायला म्हणून बाई आणखी एकदा फिरल्या, तीही चुकीच्या बाजूने. आता त्याला चांगला पीळ बसला आणि त्या पिळाने दोघींना एकमेकींकडे खेचलं. बाई अडखळत पुढे आल्या.

"एकतीस वर्षं!" ताई ओरडल्या. "एकतीस वर्षं लोकांच्या फासळ्या मोजल्यास आणि तुला डावं-उजवं कळत नाही! अगं, कोणाकोणाचे भलतेच पाय प्लास्टरात घातले असशील!"

"एकाचाही नाही!" बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, इतक्या गंभीरपणे की ताईंचं नाक वाजलं. मग खांदे हलले. मग डोळे मिटले. डावा हात वर जायला निघाला, पण त्यात पडदा होता आणि पडदा सोडला तर जमिनीवर पडून मळणार होता. शिवणारी बाई जीव देईल, धुऊन इस्त्री केलेलं कापड जमिनीवर टाकणार नाही. हात जागेवरच राहिला. डोकं मागे गेलं आणि ते हसू सगळंच्या सगळं, तुटक्या दातासकट, बाहेर आलं. ते बघून बाईही हसू लागल्या. रस्त्यापलीकडे न्हाव्याने बहुतेक वस्तरा उचलला असेल.

टेम्पो गेल्यावर दोघी कॅमेऱ्याचा छोटा पडदा बघत बसल्या. तीनशे सहा फोटो निघाले. बाईंच्या पाठीचे शंभर, पडद्याचे शंभर, ताईंचे डोळे मिटलेले, तोंड वाकडं, नाक खाजवतानाचे. कॅमेरेवाल्याच्या वर्गात त्यातला एकही पास झाला नसता. आणि त्यांच्यात एक होता. खाली हिरवा पिळलेला पडदा, कडेला बाईंचा अर्धा खांदा, आणि मध्ये ताई.

ताईंनी कॅमेरा बराच वेळ हातात धरला. "ही मी?" त्या म्हणाल्या. "मी अशी हसते?"

"अशीच हसतेस."

"मग इतकी वर्षं मला कोणी सांगितलं कसं नाही?"

 बाई उठून चहा ठेवायला गेल्या.

ऑपरेशन पाच तास चाललं. गाठ पुरी निघाली आणि ती साधीच ठरली. पण नसेची एक फांदी गाठीला चिकटून बसलेली होती. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच बाई समजल्या. त्यांनी सर्जनांचे आभार मानले. मग जिना उतरून तळमजल्यावर गेल्या आणि आपल्या जुन्या दाराबाहेरच्या बाकावर जरा वेळ बसल्या. त्या बाकावर इतकी वर्षं दुसऱ्यांचे नातेवाईक बसायचे.

ताई घरी आल्या, जखम भरली, टाके निघाले. डाव्या बाजूचा ओठ खाली आला होता आणि तिथेच राहिला. ताईंनी तक्रार केली नाही. पंधरा दिवसांत मशीनवर बसल्या. फक्त मशीन त्यांनी फिरवून घेतलं, डावी बाजू भिंतीकडे येईल असं. "खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो," म्हणाल्या. गिऱ्हाइकांना आता उजवा गाल तेवढा दिसायचा. ताई बोलायच्या, पण पूर्वीच्या निम्म्याने. हसायची वेळ आली की खाली वाकून दोरा शोधायच्या.

बाईंनी तो फोटो मोठा करून आणला होता. तो त्यांनी कपाटात, जुन्या चादरींखाली ठेवून दिला. कॅमेरा घेऊन त्या सकाळी बाहेर पडायच्या आणि झाडांचे, जिन्यांचे, सायकलींचे फोटो काढायच्या. आता बोट मोकळं झालं होतं, एकेका झाडाचे पन्नास निघायचे. कॅमेरेवाला खूष होता. घरात मात्र कॅमेरा पिशवीतून निघत नव्हता.

तीन महिन्यांनी सर्जनांनी तपासलं आणि सांगितलं की आता एवढंच, याहून फार फरक पडेल असं वाटत नाही. ताईंनी मान हलवली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बाई फिरून परत आल्या तर मशीन बंद होतं. ताई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. भोवती चादरी पसरलेल्या, मांडीवर तो फोटो. गिऱ्हाइकाला अस्तरासाठी जुनी चादर हवी होती म्हणून त्यांनी कपाट उघडलं होतं.

"हा लपवून कशाला ठेवलास?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच वाईट. सकाळपासून रडतेय." ताईंचे डोळे खरंच सुजले होते. "पण ओठ गेला म्हणून नाही गं. पंचावन्न वर्षं मी यावर हात धरला. कोण मेलं काही म्हणणार होतं? बघ किती छान बाई आहे ही! हिला मी कधी भेटलेच नाही."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या.  त्यांनी ताईंचा हात धरला.

"आणि आता काय करतेय मी?" ताई म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करून बसतेय. पहिला चेहरा झाकण्यात गेला, आता हा दुसरा झाकू? मला तिसरा कोण देणार आहे? ऊठ. मशीन फिरवायचंय."

दोघींनी मशीन ओढून पहिल्यासारखं खिडकीकडे केलं. उजेड ताईंच्या डाव्या गालावर पडला, कानाखालच्या व्रणावर, खाली आलेल्या ओठावर. ताई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "आण तुझा डबा."

"आत्ता? ताई, जरा दम घे. चार दिवसांनी..."

"आण म्हणते ना."

बाईंनी कॅमेरा आणला. तो डोळ्याला लावला नाही, मशीनच्या टेबलावर कापडांच्या गठ्ठ्यावर टेकवला आणि स्वतः ताईंच्या समोर बसल्या.  ताईंनी टेबलावरचा हातआरसा उचलला, त्यात बघितलं आणि हसून बघितलं. उजवी बाजू वर गेली, डावी जागची हलली नाही.

"काय गं हे," त्या म्हणाल्या, "अर्धं बिऱ्हाड उठून गेलंय आणि अर्धं म्हणतंय, आम्ही कुठे जात नाही!"

आणि स्वतःच्याच बोलण्याला त्यांचं नाक वाजलं. खांदे हलले. आवाज फुटला, तोच, तेवढाच मोठा. त्याला कुठली नस लागत नव्हती. दोन्ही हात मांडीवर होते, आरशासकट. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या आणि बटण दाबत होत्या, किती वेळा ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग ताईंनी हात पुढे केला. "दाखव."

बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फोटो आणून दिला. ताईंनी चष्मा नीट केला, कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. बाई श्वास धरून बघत राहिल्या. इतकी वर्षं रोग्यांच्या नातेवाइकांना काचेसमोर उभं करून त्या सांगत आल्या होत्या, हे असं आहे, हे तसं आहे. आज त्यांना काहीच सांगता येत नव्हतं.

"हं," ताई शेवटी म्हणाल्या. "मीच आहे ही."

त्यांनी कॅमेरा परत दिला, दोन टाचण्या तोंडात धरल्या, उजव्या बाजूला, आणि राहिलेलं अस्तर मशीनखाली घेतलं.